डाव्या बाहीचं फुलपाखरू

वल्लरी ब्लाऊजचं फुलपाखरू डाव्या बाहीवर असतं. कोल्हापुरात कुणालाही विचारा. शाहूपुरीत विचारा, उचगावात विचारा, चंदगडच्या एसटीत शेजारी बसलेल्या बाईला विचारा. ती डावा दंड पुढं करून दाखवेल आणि वर तुमच्याकडं असं बघेल, की हा कुठल्या गावचा पावणा. बाकी अख्ख्या महाराष्ट्रात ते उजव्या बाहीवर असतं. पण बाकीच्या महाराष्ट्राचं मनावर घ्यायचं नाही हा कोल्हापूरचा जुना बाणा आहे, आणि या एका बाबतीत तो बाणा मदिनानं शिवलेला आहे.

मदिना म्हणजे शाहूपुरीतल्या गल्लीतलं 'मदिना लेडीज टेलर'. दोन पायऱ्या, एक मशीन, एक फळी, आणि पाटीवर खाली लाल अक्षरांत 'वल्लरी ब्लाऊजचे मूळ ठिकाण'. शिवणारी मदिना राहायला उचगावात. सकाळी बसनं यायचं, रात्री आठच्या बसनं जायचं. वय एक्कावन्न. तोंडात टाचण्या असल्या तरी बोलणं थांबत नाही, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्यालाच टाचणी टोचावी.

आता ही वल्लरी कोण, ते सांगायला पाहिजे. पंचवीस वर्षांपूर्वी संध्याकाळी साडेसातला एक मालिका लागायची. तिच्यातली सून वल्लरी. सासू छळायची, नवरा खाली मान घालून पेपर वाचायचा, आणि वल्लरी डोळ्यांत पाणी आणून देवापुढं दिवा लावायची. एवढंच चार वर्षं चाललं. हल्ली लोक उसासे टाकतात, काय ते दिवस होते, सगळं घर एकत्र बसून टीव्ही बघायचं. एकत्र बसायचं कारण घरात टीव्ही एकच होता आणि रिमोट आजोबांच्या मांडीखाली असायचा. प्रेमबिम काही नव्हतं. आज त्याच आजोबांच्या हातात मोबाईल दिला असता तर त्यांनीही बाहेरच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं असतं.

पण ब्लाऊज मात्र त्या वल्लरीचे असे होते, की रडणाऱ्या बाईकडंही हेव्यानं बघावं. बाहीच्या कडेला त्याच कापडाचं एक छोटं फुलपाखरू. दोन पंख, मधे एक मणी. हात हलला की पंख हलायचे. मालिका सुरू होऊन महिना झाला नाही तोवर गल्लीतल्या बायका मदिनाकडं आल्या, तसलं फुलपाखरू आम्हालाही पाहिजे म्हणून.

मदिना तेव्हा सव्वीस वर्षांची होती आणि तिच्या घरी टीव्ही नव्हता. सासऱ्यांना ते डबडं घरात नको होतं. पण दुकानासमोर, रस्त्यापलीकडं, चमनभाईचं सलून होतं आणि सलूनमध्ये टीव्ही होता. तो दाराच्या वर आतल्या बाजूला टांगलेला, म्हणजे रस्त्यावरून दिसायचा नाही. दिसायचा तो समोरच्या भिंतीवरच्या लांबलचक आरशात. खुर्चीत बसून दाढी करून घेणारी गिऱ्हाइकंही टीव्ही आरशातच बघायची. मदिना मशीनवर बसल्या बसल्या साडेसातला मान वर करायची आणि रस्त्यापलीकडच्या आरशात वल्लरीचा दंड निरखायची. आवाज ऐकू यायचा नाही, त्याची गरजही नव्हती. तिथं तिनं फुलपाखराचे पंख मोजले, चुण्या मोजल्या, आणि आरशानं दाखवलं तसं डाव्या बाहीवर बसवलं.

त्या बाईचा पदर भलत्याच खांद्यावर कसा, हा प्रश्न तिला पडला होता. पण मुंबईच्या बायका काय वाटेल ते करतात, असं म्हणून तिनं तो सोडून दिला.

चाळीस ब्लाऊज गेले. फुलपाखरू पदराखाली चेंगरायला लागलं, कारण आपल्या बायका पदर डाव्या खांद्यावर घेतात. मग मदिनानं त्यावरही तोड काढली. पदराच्या बारीक निऱ्या घालायच्या, खांद्यावर उंच पिनेनं आवळायच्या, म्हणजे दंड मोकळा. कोल्हापूरच्या बायका लग्नात खांद्यावर एवढी ताठ पिन का लावतात त्याचं कारण हे आहे. मालिका बघताना ह्या सगळ्या बायका नाक पुसत असायच्या. बाही डावी की उजवी हे बघायला कुणाला शुद्ध होती?

मग ईदला दुकान बंद होतं, तेव्हा मदिना उचगावात शेजारणीकडं शिरखुर्मा द्यायला गेली. साडेसात वाजले होते. शेजारणीचा टीव्ही सरळ समोर. वल्लरी सरळ समोर. पदर डाव्या खांद्यावर, फुलपाखरू उजव्या बाहीवर. मदिनाच्या हातातली वाटी तशीच राहिली.

सांगून टाकायचं की नाही याचा विचार तिनं दोन दिवस केला. चाळीस ब्लाऊज परत आले असते. नवीन दुकान, सव्वीस वर्षांची बाई, आणि गल्लीत आधीच दोन पुरुष शिंपी 'बाईमाणसाला कापड कापायला कुठं जमतंय' म्हणून टपून बसलेले. तिसऱ्या दिवशी दुपारी दुकानात पाच-सहा बायका होत्या आणि पायरी चढून श्यामलाबाई आल्या.

श्यामलाबाई जवळच्याच शाळेत विज्ञान शिकवायच्या. मदिनापेक्षा आठ-नऊ वर्षांनी मोठ्या, आणि तोवर मदिनाच्या सगळ्यांत जवळच्या. मधल्या सुट्टीत डबा घेऊन दुकानात येणार, मदिनाच्या भाकरीबरोबर आपली भाजी खाणार. त्यांनी डाळिंबी खण शिवायला दिला होता. त्यांनी फळीवरचा तयार ब्लाऊज उचलला, बाही बघितली, आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मदिना, हे चुकलंय की. वल्लरीचं उजवीकडं असतं."

मदिनाच्या तोंडातनं जे निघालं ते तिनं ठरवलेलं नव्हतं.

"बाई, टीव्हीत सगळं उलटं दिसतंय. आरशागत. आरशात तुमचा डावा हात उजवा दिसतोय का न्हाय?"

बायकांनी माना डोलावल्या. ते खरंच होतं.

श्यामलाबाई हसल्या. शिक्षिकेला तयार प्रश्न सापडल्यावर येतं ते हसू. "मग बातम्यांतली अक्षरं उलटी का दिसत नाहीत?"

"अक्षरं मागनं चिकटवतात," मदिना म्हणाली.

खलास. फुलवाली चिमणाबाई तर पोट धरून हसली. एवढ्या शिकलेल्या बाई, आणि अक्षरं मागनं चिकटवतात एवढं म्हायत न्हाय. श्यामलाबाईंनी फळीवरनं आपला न शिवलेला खण उचलला, घडी घातली आणि दोन पायऱ्या उतरून गेल्या. त्या पायऱ्या त्यांनी नंतर चढल्या नाहीत. रोज शाळेला आणि निवृत्तीनंतर भाजीला जाताना दारावरनंच जायच्या, 'बरं हाय का' एवढं विचारायच्या, मदिना 'हाय' म्हणायची. असं पंचवीस वर्षं. दरम्यान डावं फुलपाखरू लग्नालग्नातनं इचलकरंजीला गेलं, गडहिंग्लजला गेलं, आणि मदिनानं पाटीवर ती लाल ओळ रंगवून घेतली.

यंदा वल्लरी परत आली.

म्हणजे झालं असं, की मुंबईतल्या कुणाला तरी वाटलं, जुनं ते सोनं. त्यानं त्याला 'रेट्रो' असं नाव दिलं आणि जुनं ते चौपट भावाचं झालं. कालपर्यंत ज्या ब्लाऊजनं आई भांडी पुसत होती तो ब्लाऊज लेक कपाटातनं काढून फोटो काढायला लागली. श्यामलाबाईंची भाची अवंतिका त्यातलीच. पोरगी मोबाईलवर रील करायची, अकरा हजार लोक ती बघायचे, आणि तेवढ्यावर गल्लीत तिला नटी म्हणायचे. मदिनाला ह्या पोरीचं कौतुकही होतं आणि रागही यायचा. पूर्वी माणूस काहीतरी करायचा आणि मग त्याचं नाव व्हायचं. आता आधी नाव होतं, आणि मग ते टिकवायला काय करायचं ते शोधत बसतात.

अवंतिका पायऱ्या चढून आली ती बातमी घेऊनच. यज्ञेश्वरशेठच्या नव्या साडी शोरूमचं उद्घाटन येत्या शनिवारी अकराला. फीत कापायला खुद्द वल्लरी येणार. फलकावरही तिचं खरं नाव नव्हतं, 'तुमची-आमची लाडकी वल्लरी' एवढंच. ते खरं नाव कुणाला आठवतच नव्हतं. पंचवीस वर्षं त्या बाईनं दुसरं काय केलं, तेही कुणाला माहीत नव्हतं. ज्या बाया वल्लरी ब्लाऊज घालून येतील त्यांनी रांगेत उभं राहायचं, सगळ्यांत सुंदर दिसेल तिला पैठणी. आणि वल्लरीच्या हातनं मदिनाचा सत्कार, शाल-श्रीफळ देऊन.

मदिनाच्या हातातली कात्री थांबली. वल्लरी येणार म्हणजे ब्लाऊज घालून येणार. उजव्या बाहीचा.

तिनं आडून आडून विचारलं, त्या मालिकेचं काय मोबाईलवर दिसतंय का गं. अवंतिकानं लगेच दाखवलं. बारक्या पडद्यावर वल्लरी दिवा लावत होती आणि फुलपाखरू उजवीकडं हलत होतं.

"ह्यावर जाऊ नको भाभी," अवंतिका म्हणाली. कोल्हापूरच्या पोरी बोलतात तशी पुरुषी क्रियापदं लावत ती समजावून सांगायला लागली. "मी सांगतो तुला. कॉपीराइटमध्ये सापडू नये म्हणून लोक व्हिडिओ उलटा करून टाकतात. फ्लिप. म्हणून उजवीकडं दिसतंय."

"आणि अक्षरं? ती सरळ हायेत की."

"अक्षरं नंतर टाकतात, एडिटिंगमध्ये."

मदिनानं पोरीच्या तोंडाकडं बघितलं. पंचवीस वर्षांपूर्वी तिनं फेकलेली थाप पदवी घेऊन, इंग्रजी शिकून तिच्याच दुकानात परत आली होती.

तो आठवडा मशीन थांबली नाही. सासवा आल्या, सुना आल्या, एका बँकेतल्या बाई आल्या. सगळ्यांना डावं फुलपाखरू पाहिजे होतं. प्रत्येक फुलपाखरू लावताना मदिना शनिवारला किती दिवस उरले ते मोजत होती. एकदा तिला वाटलं, आजारी पडावं. पण सत्काराच्या दिवशी आजारी पडणारी बाई कोल्हापुरात अजून जन्मायची आहे.

बुधवारी अवंतिका पुन्हा आली आणि तिनं फळीवर एक पुडी ठेवली. मावशीनं दिलंय म्हणाली. मदिनानं कागद सोडला. आत डाळिंबी खण. तोच. घडीच्या रेघा पंचवीस वर्षांत फिक्या झाल्या होत्या. सोबत वहीच्या पानावर फळ्यावरच्यासारखी सुबक अक्षरं: 'फुलपाखरू उजव्या बाहीवर. माप तुला ठाऊक.'

माप ठाऊक होतंच. रोज दारावरनं जाणाऱ्या बाईचं माप शिंपिणीला विचारावं लागत नाही. निवृत्त झाल्यापासून बाई डाव्या खांद्यात किंचित वाकल्या होत्या, तेही तिनं धरलं. तो ब्लाऊज तिनं सगळ्यांत आधी शिवला आणि सगळ्यांत शेवटी संपवला, कारण फुलपाखरू लावायचं राहिलं होतं. टाचणीनं डावीकडं लावून बघितलं. उजवीकडं लावून बघितलं. डावीकडं लावणं म्हणजे बाईंना पुन्हा एकदा तोंडावर खोटं पाडणं. उजवीकडं लावणं म्हणजे आपल्याच हातानं आपल्या पाटीवर काळं फासणं. शेवटी तिनं शिंप्याची पळवाट काढली. गिऱ्हाईक सांगेल तसं शिवायचं, आपलं काय जातंय. उजवीकडं टाके घातले आणि शुक्रवारी पुडी पाठवून दिली. बाई थोड्याच असल्या तमाशाला येणार होत्या.

बाई आल्या.

शनिवारी साडेदहाला शोरूमसमोर बायकांची अशी गर्दी झाली की वाहतूक वळवावी लागली. हलगी लागली होती, फेट्यांची हौस होती, आणि कमानीवर वल्लरीचा पंचवीस वर्षांपूर्वीचा फोटो होता. कारण आत्ताचा लावला असता तर निम्म्या बायकांनी विचारलं असतं, ही कोण. दोनशे बायका रांगेत. दोनशे डावे दंड, दोनशे फुलपाखरं. आणि मधोमध, चिमणाबाईच्या मागं, डाळिंबी ब्लाऊजातल्या श्यामलाबाई, उजवा दंड रांगेबाहेर काढून, शाळेत परिपाठाला उभ्या राहायच्या तशा ताठ.

मदिना पाहुण्यांच्या खोलीत काचेमागं बसली होती. तिला ऐकू येत नव्हतं, पण दिसत होतं. चिमणाबाईनं वळून बघितलं. शेजारणीला कोपर मारलं. शेजारणीनं तिच्या शेजारणीला. बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. एक तर पुढं होऊन बाईंची बाहीच चाचपून गेली. बाई समोर बघत होत्या.

तेवढ्यात मदिनाला आतल्या खोलीत बोलावणं आलं. टेलर कोण आहे, लवकर या.

आत वल्लरी होती. खुर्चीत बसून वडापाव खात होती, कारण मुंबईहून पहाटे निघाली होती. वय मदिनाएवढंच. दंड भरलेले, चेहऱ्यावर गिलावा, आणि गिलाव्यामागं एक दमलेली, बरी बाई. अंगावर निळा ब्लाऊज, उजव्या बाहीवर फुलपाखरू. तिच्याजवळ मोहित नावाचा तिचा कपडे बघणारा पोरगा काचेतनं बाहेर बघत नखं खात होता. त्याचं म्हणणं असं, की मोठा घोटाळा झालाय. त्यानं जुने फोटो बघून ब्लाऊज करून घेतला होता आणि फुलपाखरू चुकीच्या बाजूला पडलं होतं. बाहेर दोनशे बायका डावीकडं लावून आल्यात. दोनशे बायका चुकीच्या आणि आपण एकटे बरोबर, असं कसं होईल? दहा मिनिटांत बाजू बदलून द्या. रांगेत एकच म्हातारी उजवीकडं लावून आलीय, तिला मागं उभी करायला सांगतो.

मदिनाच्या हातात त्यानं उसवायची सुई दिलीसुद्धा.

चार टाके उसवायचे, चार घालायचे. मग मालिकेतली अस्सल वल्लरी डावं फुलपाखरू लावून बाहेर जाणार, हजार मोबाईल फोटो काढणार, आणि मदिनाची थाप कायमची खरी होणार. ह्यापुढं कुणी, कधी, कुठल्या व्हिडिओवरनं काही म्हणू शकणार नव्हतं. आणि डाळिंबी ब्लाऊजातली ती एक म्हातारी रांगेच्या मागं जाणार.

मदिना फुलपाखराला हात लावून उभी राहिली. वल्लरीनं शेवटचा घास गिळला, बोटं पुसली आणि वर बघून सहज विचारलं, "मला खरंच आठवत नाही हो. दिवसाला सात-सात सीन करायचो, अंगात काय चढवलंय ते बघायला सवड नसायची. तुम्हीच सांगा, कुठल्या बाजूला होतं?"

"उजवीकडं," मदिना म्हणाली.

मोहितनं नखं खायचं थांबवलं. "आणि ह्या सगळ्या बायका?"

"त्या माझ्यामुळं."

आणि तिनं सगळं सांगितलं. सलून, दारावरचा टीव्ही, लांबलचक आरसा, ईदच्या दिवशीची वाटी, अक्षरं मागनं चिकटवतात. वल्लरी हसायला लागली ती अशी हसली, की डोळ्यांतलं काजळ गिलाव्यावर उतरलं आणि मोहितला रडू यायची वेळ आली. चार वर्षं ज्या बाईनं दर संध्याकाळी रडून दाखवलं, ती बाई मनापासून हसते तेव्हा डुकरासारखा आवाज करते, हे मदिनाला त्या दिवशी कळलं. तिला ती पहिल्यांदा आवडली.

"आहे तिथंच राहू दे," वल्लरी म्हणाली.

सत्कार पहिला होता. यज्ञेश्वरशेठनं माईकवरनं मदिनाचं नाव घेतलं, 'वल्लरी फॅशन कोल्हापुरात आणणाऱ्या', वगैरे. टाळ्या पडल्या. वल्लरी मंचावर आली आणि टाळ्या अर्ध्यात तुटल्या, कारण दोनशे बायकांच्या नजरा एकदम तिच्या उजव्या बाहीवर गेल्या. मग त्या सगळ्या नजरा हळूहळू वळून श्यामलाबाईंच्या उजव्या बाहीवर गेल्या. मदिनानं शाल घेतली, नारळ घेतला, आणि यज्ञेश्वरशेठच्या हातातनं माईकही घेतला.

"ही शाल मला नको," ती म्हणाली. "मी खोटं बोललो हुतो. टीव्ही उलटा दिसत न्हाय. मी चमनभाईच्या आरशात बघून शिवत हुतो, म्हणून डावीकडं गेलं. मला कळलंतं, पण मी सांगितलं न्हाय. श्यामलाबाई खऱ्या हुत्या आणि मी त्यास्नी तुमच्यासमोर खोटं पाडलं. त्यांचा ब्लाऊज बरोबर हाय. बाकी सगळे चुकीचे, आणि सगळे मी शिवल्यात."

हलगीवाल्याचा हातसुद्धा थांबला. मग चिमणाबाईचा आवाज आला. फुलं विकून विकून तिच्या आवाजाला माईक लागत नाही.

"म्हणजे अक्षरं मागनं चिकटवत न्हाईत?"

"न्हाईत."

चिमणाबाईनं विचार केला. अख्खी रांग तिच्या तोंडाकडं बघत होती. तिनं आपल्या डाव्या दंडावरचं फुलपाखरू नीट केलं.

"असूदे," ती म्हणाली. "पंचवीस वर्षं घातलंय, आता काय हलवत न्हाय. ह्या मुंबईच्या बाईनंच डावीकडं करावं."

रांगेनं एकमुखानं होकार दिला. आरोळ्या सुरू झाल्या, डावं, डावं. आणि वल्लरी, जिनं आत्ता आतल्या खोलीत 'राहू दे' म्हटलं होतं, ती माईकजवळ आली, हात जोडले आणि म्हणाली की कोल्हापूर म्हणेल तेच खरं, पुढच्या वेळी डावीकडंच घालून येईन. गर्दी वेडी झाली. हलगी पुन्हा लागली. मदिना बाजूला उभी राहून बघत राहिली. आपण जीव गहाण टाकून खरं बोललो, आणि ह्या बयेनं दोन वाक्यांत ते पायपुसणं केलं. नट्यांना टाळ्या का मिळतात हेही तिला त्याच दिवशी कळलं. आणि राग यायचा त्याऐवजी तिलाच हसू फुटलं.

पैठणी कुणाला मिळाली ते सोडा. यज्ञेश्वरशेठच्या मेहुणीला मिळाली.

गर्दी पांगल्यावर श्यामलाबाई शोरूमच्या पायरीवर सावलीत बसल्या होत्या. मदिना जाऊन शेजारी बसली. समोरनं अवंतिका रील करत गेली.

"बाई, त्या दिवशी माझं चुकलं," मदिना म्हणाली. "फुलपाखरू बदलून द्यायला पायजे हुतं."

"फुलपाखराचा राग नाही गं मला." बाईंनी चष्मा काढून पुसला. "ते कुठंही लाव. कानावर लाव. त्या वर्षी सातवीच्या सहामाहीला मी प्रश्न घातला होता. टीव्हीवरचं चित्र आरशासारखं उलटं दिसतं का? कारण द्या. बावन्न पोरं होती. एकतीस जणांनी लिहिलं, होय, अक्षरं मागनं चिकटवतात."

मदिनानं खांद्यावर तशीच राहिलेल्या शालीचं टोक तोंडाला लावलं.

"हसू नको. मी सगळ्यांना शून्य दिलं. तर पोरांच्या आया शाळेत आल्या, मदिनाभाभीनं सांगितलंय म्हणून. तुझी फुलपाखरं लावून आल्या. शेवटी हेडमास्तरांनी मला प्रत्येकाला अर्धा मार्क द्यायला लावला. प्रयत्नाबद्दल." बाईंनी चष्मा चढवला. "तो अर्धा मार्क मला अजून गिळवत नाही. त्यातल्या चौदा पोरी आज रांगेत होत्या, मी बघितल्या. आज त्यांच्या कानावर पडलं एकदाचं."

"त्यास्नी पटलं कुठं?"

"सांगायचं काम आपलं. पटवून घ्यायचं त्यांचं." बाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "शिवलंयस मात्र छान. खांदा कसा ओळखलास?"

मदिनानं उठून बाईंच्या खांद्यावरची पिन सरळ केली.

सोमवारी सकाळी मदिनानं कुलूप काढलं, मशीन पुसली, पाटीकडं बघितलं. ती लाल ओळ खरवडावी असं शनिवारी रात्री घरी तिनं ठरवलं होतं. आता उजेडात वाटलं, मूळ ठिकाण तर हेच आहे की. डाव्याचं. तिनं चमनभाईला सांगून लाल रंग मागवून घेतला आणि 'वल्लरी'च्या आधी 'डाव्या' एवढा शब्द बसवला.

रंग वाळायच्या आत पायऱ्यांवर पावलं वाजली. एक. दोन. श्यामलाबाई पिशवी घेऊन वर आल्या आणि जुन्या स्टुलावर बसल्या. पिशवीतनं एकामागनं एक ब्लाऊज निघाले. सुती, रेशमी, शाळेच्या स्नेहसंमेलनाचा, निवृत्तीच्या समारंभाचा. सगळे दुसऱ्या कुणाकुणाकडं शिवलेले. बाई म्हणाल्या, पंचवीस वर्षं काखेत आवळतंय, जेवढे दुरुस्त होतील तेवढे कर. आणि डब्यात वांग्याची भाजी आहे, दुपारी भाकरी आण.

मदिनानं पहिला ब्लाऊज उचलला, झटकून उलटा केला, आतली टीप डोळ्यांजवळ धरली आणि तो शिवणाऱ्याच्या हाताला एक अस्सल शिवी दिली.

"सरळ धरून बघ की," बाई म्हणाल्या. "सगळं उलटंच बघायची खोड तुला."

"शिवण उलट्या बाजूनंच कळती, बाई."

श्यामलाबाईंनी वाकून ती आतली टीप चष्म्यातनं बघितली.

"ह्याला अर्धा मार्क," त्या म्हणाल्या, आणि डब्याचं झाकण उघडायला लागल्या.